विम्याचा हप्ता आणि सत्याणुव्रत

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत शेजारी-शेजारी दोन गाळे आहेत, असे समजावे. एकात लोखंडी सुट्या भागांचे काम चालते, दुसऱ्यात रंग आणि थिनरचा साठा आहे. दोन्हींतील मालाची किंमत सारखीच. तरीही आगीच्या विम्याचा हप्ता दुसऱ्याला अधिक पडतो. कारण हप्ता केवळ किमतीवर ठरत नाही, जोखमीवरही ठरतो.

विमा रकमेला दर हजारी दराने गुणले की मूळ हप्ता निघतो. हा दर ठरविताना अनेक गोष्टी पाहिल्या जातात. गाळ्यात कोणता व्यवसाय चालतो, बांधकाम पक्के आहे की कच्चे, ज्वालाग्राही माल किती आहे, अग्निशमनाची साधने चालू स्थितीत आहेत का, मागील वर्षांत किती दावे झाले आणि भूकंपासारखे कोणते धोके विम्यात धरले आहेत. पूर्वी हे दर टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवीत असे. १ जानेवारी २००७ पासून विमा कंपन्या ते स्वतः ठरवू लागल्या. म्हणून आज दोन-तीन कंपन्यांचे दर विचारून पाहणे हिताचे ठरते.

मात्र हप्ता कमी करण्याचा एक मार्ग घातक आहे. प्रस्तावपत्रात थिनरचा उल्लेख टाळणे किंवा माल कमी दाखविणे, ही ‘व्यवहारातील हुशारी’ मानली जाते. ती किती महागात पडते, हे पाहावे. प्रत्यक्ष माल ५० लाखांचा आणि विमा ३० लाखांचा असेल, तर १० लाखांच्या नुकसानीवर सरासरीच्या नियमाने ६ लाखच हाती येतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ विम्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते; येथे तूट ४० टक्के आहे. आणि महत्त्वाची माहिती दडविल्याचे सिद्ध झाले, तर संपूर्ण दावाच नाकारला जाऊ शकतो.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’ गणली आहे. खोटा लेख केवळ वहीतच लिहिला जातो असे नाही. प्रस्तावपत्रही लेखच आहे. विम्याचा निधी अनेकांच्या हप्त्यांतून उभा राहतो. जोखीम दडविणारा आपला भार त्या सर्वांवर टाकतो, आणि आग लागलीच तर त्याच्या कामगारांचा रोजगारही बुडतो.

म्हणून दिवाळीच्या वहीपूजनाबरोबर विम्याचे कागदही उघडावेत. शिलकी मालाची आजची किंमत विमा रकमेशी ताडून पाहावी. वर्षाच्या मध्ये गाळ्याचा उपयोग बदलला असेल, तर कंपनीला लेखी कळवावे. हप्ता कमीच करायचा असेल, तर वायरिंग दुरुस्त करावे, अग्निशमन साधने बसवावीत आणि ज्वालाग्राही माल वेगळा ठेवावा. अशी बचत धर्माला आणि व्यवहाराला दोन्हींना मान्य होते.