तापाचे नाव कळेपर्यंत

मुडबीहून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांना दहा वर्षांचा मधुमेह. श्रावणात शेताच्या चिखलात राबून आल्यापासून ताप हटत नाही. छातीच्या फोटोत डाग दिसला, म्हणून क्षयाची औषधे सुरू झाली. थुंकीत मात्र क्षयाचे जंतू आढळले नाहीत आणि दीड महिन्यात उतारही नाही. त्यांचे ताटवाटी-तांब्या वेगळे ठेवले आहेत. "हे क्षयच ना?" असे त्या विचारतात.

पत्रावरून निदान करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण क्षयाचे हुबेहूब सोंग घेणारा मेलिऑयडोसिस नावाचा एक रोग आहे, तो त्यांनी डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावा. 1911 साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांना तो प्रथम आढळला. त्यांचे बहुतेक रोगी मॉर्फिनच्या व्यसनाने खंगलेले होते. याचे जंतू माती-पाण्यात राहतात, पायाच्या भेगेतून किंवा श्वासावाटे आत शिरतात. धडधाकट माणसाचे ते सहसा काही बिघडवीत नाहीत. मधुमेहाने, मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराने वा अतिमद्यपानाने प्रतिकारशक्ती खचलेल्यांना मात्र गाठतात. आपल्या राज्यात उडुपी-मणिपाळकडे पावसाळ्यात असे रुग्ण आढळत आले आहेत. आपला मुलूख कोरडा, तेव्हा येथे तो कमी संभवतो. पण तपासल्यावाचून कळणार कसे?

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 1,65,000 लोकांना हा रोग होतो आणि 89,000 दगावतात. उत्तर ऑस्ट्रेलियात, जेथे डॉक्टर तो ओळखतात आणि अतिदक्षता विभाग हाताशी आहे, तेथे मृत्यू दहांत एकाच्या आसपास आले आहेत. जंतू तोच!

रक्त, थुंकी आणि कोठे पू असल्यास तो, यांचे कल्चर करून घ्यावे. शक्यतो नवे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी. प्रयोगशाळेला संशय आधी सांगावा, कारण हा जंतू 'स्यूडोमोनास' समजून बाजूला टाकला जातो. जंटामायसिन त्यावर बहुधा चालत नाही. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून, आणि मग को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने, असा उपचार असतो. ताप गेला की पहिल्याच महिन्यात गोळ्या फडताळात जातात, हा आपल्या घरांचा जुना रिवाज. रोग मग उलटतो. क्षयाची औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. धाप लागली किंवा ग्लानी आली, तर त्याच दिवशी कलबुर्गीचे वा सोलापूरचे मोठे रुग्णालय गाठावे.

राहिले ताटाचे. मेलिऑयडोसिस एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही. क्षय खोकल्यातून पसरतो, भांड्यांतून नाही. खोकताना तोंडावर रुमाल हवाच, पण यजमानांचे ताट आजच्या जेवणापासून घरच्या भांड्यांतच मांडावे.