वर्षाची आखणी विश्रांतीपासून करा

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या वेळी दवाखान्यात १२ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. चेहरा तरतरीत, पण जिना चढताना उजवा पाय जपून टाकत होता. गुडघ्याच्या वाटीच्या खाली हाडावर उंचवटा आला होता आणि तिथे बोट लावताच तो कळवळला. वडील म्हणाले, "डॉक्टर, तीन आठवड्यांवर स्केटिंगची जिल्हा स्पर्धा आहे. एखादे इंजेक्शन देऊन भागेल का?"

मी सरावाचे वेळापत्रक विचारले. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, असे सहा दिवस. रविवारी सकाळी तीन तास. म्हणजे आठवड्याला २१ तास. "शेवटची सुटी कधी घेतली होती?" असे विचारल्यावर बापलेक एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी मुलगाच म्हणाला, "दिवाळीत दोन दिवस रिंक बंद होती."

या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढत्या वयात हाडाचे टोक अजून कोवळे असते. मांडीचा स्नायू गुडघ्यावरून येऊन याच जागी जोडलेला असतो. स्केटिंगमध्ये गुडघे वाकवून, खाली बसून जोर लावायचा असल्यामुळे या जागेवर दररोज हजारो वेळा ताण पडतो. हाडाची वाढ पूर्ण झाली की हे दुखणे बहुधा थांबते, पण तोवर ताण कमी करणे हाच खरा उपाय. मी इंजेक्शन दिले नाही. काही आठवडे स्केट्स बाजूला ठेवायला सांगितले. वडिलांचा चेहरा पडला. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र सुटका झाल्याचे समाधान होते. त्याच्या गुडघ्यापेक्षा मला त्या समाधानाचीच जास्त काळजी वाटली.

स्केटिंगला माझा विरोध नाही. हृदय, फुप्फुसे, मांड्या, तोल या सर्वांना उत्तम व्यायाम देणारा हा खेळ आहे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलामुलींनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळवली. २०२५ साली आनंदकुमार वेलकुमार याने चीनमधल्या जागतिक स्पर्धेत १००० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकले. तेव्हापासून गावोगावच्या रिंकवर गर्दी वाढली असेल तर आनंदच आहे. पण पदक मिळाले तेव्हा हा खेळाडू २२ वर्षांचा तरुण होता, हे पालकांनी लक्षात ठेवावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अजून दहा वर्षे टिकायचे आहे.

माझे म्हणणे एवढेच की, वर्षाची आखणी स्पर्धांपासून सुरू करू नका, विश्रांतीपासून करा.

हे आळशी माणसाचे मत नाही. स्वीडनचा निल्स व्हॅन डर पूल याने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरच्या ५००० आणि १०,००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि नंतर आपली सरावाची वही जगापुढे उघडी केली. त्याने वर्षाचे टप्पे पाडले होते. आधी प्रामुख्याने सायकलवर दमश्वास वाढवायचा, मग तीव्रता वाढवायची आणि शेवटी शर्यतीच्या वेगाचा सराव. त्याचा आठवडा पाच दिवस सराव आणि दोन दिवस संपूर्ण विश्रांती असा होता. त्याचे तास मुलांनी मुळीच उचलू नयेत, तो पूर्ण वाढलेला माणूस होता. उचलायचे ते टप्पे आणि सुटीचे दोन दिवस.

मुलांसाठी मोजमाप वेगळे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली शिफारस केली की, मुलाला आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुटी हवी आणि एकाच खेळात असलेल्या मुलाने वर्षातून एकंदर तीन महिने, एकेका महिन्याच्या हप्त्याने, त्या खेळापासून दूर राहावे. आणखी एक सोपा नियम क्रीडावैद्यकात सांगतात. मुलाचे वय जितकी वर्षे, आठवड्याला सराव त्याहून जास्त तास नको. माझ्या छोट्या रुग्णाचे वय १२ आणि तास २१! दुखणे कुठून आले हे निराळे सांगायला नको.

आता भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवा आणि लाल पेनाने आधी तीन महिने सुटी लिहा. आपल्या शाळेच्या वर्षात ती सहज बसते.

मे महिना : स्केट्स माळ्यावर. मामाचे गाव, पोहणे, क्रिकेट, झाडावर चढणे. या दिवसांत भरणारी स्केटिंगची शिबिरे नव्या मुलांसाठी ठीक आहेत, वर्षभर दमलेल्या मुलासाठी नाहीत.

जून ते ऑगस्ट : हा पायाभरणीचा काळ. आपल्याकडच्या बऱ्याच रिंक उघड्यावर आहेत आणि ओल्या सिमेंटवर चाके घसरतात. पाऊस हा अडथळा न मानता सोय माना. धावणे, दोरीच्या उड्या, सायकल, सूर्यनमस्कार, बैठका, एका पायावर तोल सांभाळणे हे सारे शाळेच्या सभागृहातही होते. रिंकवर फेऱ्या नेहमी डाव्या वळणाच्या असतात, त्यामुळे शरीराच्या दोन बाजू असमान तयार होतात. ही उणीव जमिनीवरच्या व्यायामात दोन्ही बाजू सारख्या करून भरून काढता येते.

सप्टेंबर, ऑक्टोबर : तंत्र, वळणे, सुरुवात. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदा पुरे आणि दोन्हींच्या मध्ये हलका दिवस.

नोव्हेंबर, डिसेंबर : स्पर्धा. शालेय स्पर्धांच्या तारखा जाहीर झाल्या की त्याप्रमाणे महिने मागेपुढे करा, पण महत्त्वाच्या स्पर्धा दोनच निवडा. बाकीच्या सरावासाठी. मोठ्या स्पर्धेआधीच्या आठवडा-दहा दिवसांत फेऱ्या निम्म्यावर आणा. शेवटच्या आठवड्यात दुप्पट घाम गाळून वेग वाढत नाही, फक्त थकवा वाढतो.

जानेवारी : पुन्हा सुटी. फेब्रुवारीत आठवड्याला तीन दिवस हलका सराव. मार्चमध्ये वार्षिक परीक्षेची सुटी आणि एप्रिलमध्ये हळूहळू पुन्हा रिंक.

पालकांनी एक छोटी वही ठेवावी. दर महिन्याला उंची मोजा. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी झपाट्याने वाढते. त्या महिन्यांत हाडे पुढे धावतात आणि स्नायू मागे राहतात. तेव्हा सराव कमी करा. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. ती काही दिवस नेहमीपेक्षा जास्त लागली, झोप मोडली, चिडचिड वाढली, अभ्यासात लक्ष लागेना, तर मूल दमले आहे असे समजा. बारा वर्षांपर्यंतच्या शाळकरी मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढच्यांना ८ ते १० तास झोप हवी. पहाटे पाचला उठायचे असेल तर रात्री आठ-नऊला दिवा मालवलाच पाहिजे.

महागड्या डब्यांतल्या पावडरीची गरज नाही. भाकरी, वरणभात, उसळी, दूध, अंडी, शेंगदाण्याचा लाडू आणि लिंबू पिळलेली पालेभाजी यांत बहुतेक सर्व काही आहे. मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "सरावामुळे होते" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना भेटा. सरावाच्या मानाने खाणे कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

डोक्यावर पडलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा रिंकवर उतरवू नये, मग अंतिम फेरी असली तरी. डोकेदुखी, उलटी, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे.

"इतकी सुटी घेतली तर बाकीची मुले पुढे जातील," असे पालक म्हणतात. काही स्पर्धांत जातीलही. पण या वयात एकाच रेषेवर उभ्या असलेल्या मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. त्या शर्यतीचा निकाल पुष्कळदा वयात येण्याचा निकाल असतो. क्रीडा सवलतीचे गुण, प्रमाणपत्रे यांची ओढ मला समजते. मात्र गुडघा एकदा कायमचा कुरकुरू लागला की प्रमाणपत्र त्याला उपयोगी पडत नाही.

तो मुलगा परवा तपासणीला आला होता. दुखणे बरेच कमी आहे. जिल्हा स्पर्धा हुकली. "स्केट्स कधी घालू?" असे त्याने स्वतःहून विचारले. हा प्रश्न मुलाने विचारावा, वडिलांनी नव्हे. तो त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबण्याची तयारी असेल, तरच त्याच्या हाती स्केट्स द्या.