वकिलाचे बिल

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ग्रामीण काउंटीच्या बोर्डाची बैठक बघायला सहसा कोणी जात नाही, आणि न जाणाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कोर्टहाउसमधली एक खोली, कामाच्या दिवसाची सकाळ आणि टेबलाभोवती तीन किंवा पाच सुपरवायझर. पहिला विषय मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करण्याचा. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेत मुरलेल्या माणसाला इथे फारसे परके वाटणार नाही. मग बिले मंजूर करायची. डिझेलचे बिल, ग्रेडरच्या पात्यांचे बिल, तुरुंगातल्या कैद्यांच्या जेवणाचे बिल. मग काउंटीचा इंजिनिअर उठून सांगतो की अमुक ओढ्यावरचा जुना पूल भरलेल्या ट्रकचे ओझे पेलणार नाही, वजनाच्या मर्यादेची पाटी लावावी लागेल. सुगी तोंडावर आलेली असते. मक्याच्या गाड्या कुठून वळवायच्या यावर अर्धा तास जातो. या अर्ध्या तासाची बातमी कोणी करत नाही, पण ज्याचे शेत पुलापलीकडे आहे त्याच्यासाठी वॉशिंग्टनच्या सगळ्या भाषणांपेक्षा हा अर्धा तास मोठा असतो.

आयोवात अशा ९९ काउंट्या आहेत. वायव्येकडच्या ब्युना व्हिस्टा काउंटीची लोकसंख्या २० हजारांच्या आसपास. आपल्या जिल्हा परिषदेच्या एका गटातसुद्धा बहुधा याहून जास्त माणसे निघतील. तरीही या २० हजारांचे स्वतःचे सरकार आहे. शेरीफ, खजिनदार, सरकारी वकील, दस्तनोंदणी करणारा रेकॉर्डर आणि निवडणुकांपासून बोर्डाच्या कागदपत्रांपर्यंत सगळे सांभाळणारा ऑडिटर, हे सगळे थेट मतदारांनी निवडलेले. त्यामुळे बोर्डाची गंमत अशी की शेरीफचे बजेट त्याला कापता येते, शेरीफला हुकूम मात्र सोडता येत नाही. मालमत्ता कर किती लावायचा हे बोर्ड ठरवते, आणि त्यातला मोठा वाटा रस्त्यांत मुरतो. राज्यभरात काउंट्यांच्या ताब्यातले रस्ते सुमारे ९० हजार मैल आहेत, आणि त्यांतले बहुतेक खडीचे. हिवाळ्यात बर्फ कोणाच्या रस्त्यावरचा आधी निघाला आणि पावसाळ्यात खडीचा ट्रक कोणाच्या फाटकापाशी रिकामा झाला, यावर निवडणुका फिरतात. सुपरवायझर पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, पण खडीला पक्ष नसतो.

बोर्डाला काय करता येत नाही, तेही बघण्यासारखे आहे. आयोवात माणसे ३२ लाख आणि डुकरे २ कोटींहून जास्त. हजारो डुकरांचे बंदिस्त गोठे गावाशेजारी उभे राहतात, शेजारी वासाची आणि विहिरीची तक्रार घेऊन बोर्डापुढे येतात, आणि बोर्ड मान हलवते. कारण शेतीच्या बांधकामाला काउंटीचे झोनिंगचे नियम लागू नाहीत, हे राज्याच्या कायद्याने १९४७ पासून ठरवून टाकले आहे. काउंटीच्या हाती उरली आहे ती एक गुणपत्रिका. दर जानेवारीत बोर्डाने तसा ठराव केला, तर मोठ्या गोठ्याच्या अर्जाला ८८० पैकी गुण देता येतात. ४४० मिळाले की अर्ज पास, म्हणजे ५० टक्के. शिवाय गोठा २,५०० डुकरांपर्यंत पोचला नाही तर ही परीक्षाच द्यावी लागत नाही, म्हणून २,४९९ डुकरांचे गोठे बांधले जातात. आणि बोर्डाने ‘नापास’ म्हटले तरी शेवटचा शब्द राज्याच्या खात्याचा. लोकांचे ऐकायला बोर्ड आणि ठरवायला राजधानी, ही वाटणी आपल्याकडच्या कोणत्याही ग्रामपंचायत सदस्याला समजावून सांगावी लागू नये.

पण एक सत्ता बोर्डाकडे आहे, आणि ती जमिनीखाली आहे. आयोवाच्या उत्तर-मध्य भागातली काळी जमीन ही मुळात पाणथळ होती. बेडकांचे आणि बदकांचे राज्य. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून शेतकऱ्यांनी तिथे भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरायला सुरुवात केली. हल्ली त्या जागी भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे पाइप येतात. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीत असेच सच्छिद्र पाइप पुरतात, त्यामुळे आपल्या ऊसवाल्याला हा प्रकार कळायला वेळ लागणार नाही. एका शेताचे पाणी दुसऱ्याच्या शेतातून, तिथून सामायिक चरात आणि चरातून नदीत. हे एकट्यादुकट्याचे काम नाही. म्हणून कायद्याने निचरा मंडळे काढली, ज्याच्या जमिनीला जितका फायदा तितकी त्याच्यावर पट्टी असा हिशेब घातला, आणि या मंडळांचे विश्वस्त म्हणून बहुतेक ठिकाणी काउंटीच्या सुपरवायझरांनाच बसवले. फुटलेली नळी, गाळाने भरलेला चर, पट्टी जास्त लागल्याची तक्रार, हे सगळे त्याच टेबलावर येते. जगातली सर्वांत सुपीक म्हणवली जाणारी मक्याची शेती या नळ्यांवर उभी आहे. नळ्या नसत्या तर तिथे आजही बदके असती.

या नळ्यांतून पाण्याबरोबर खताचे नायट्रेटही वाहते. ते रॅकून नदीत उतरते आणि शंभरहून जास्त मैलांवरच्या डे मोइन शहराच्या नळाला येते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची केंद्रीय मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम. ते काढायला शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने खर्चिक यंत्रणा उभी केली, ती वर्षानुवर्षे चालवली, आणि अखेर मार्च २०१५ मध्ये ब्युना व्हिस्टा, सॅक आणि कॅलहून या तीन काउंट्यांच्या बोर्डांवर केंद्रीय न्यायालयात खटला भरला. सुपरवायझर म्हणून नव्हे, निचरा मंडळांचे विश्वस्त म्हणून. काल-परवापर्यंत पुलाच्या पाटीवर अर्धा तास घालवणारी माणसे एका रात्रीत अमेरिकी शेतीच्या प्रतिवादींत जाऊन बसली. हा खटला शहर जिंकते तर देशभरच्या मक्याच्या शेतीचा हिशेब नव्याने मांडावा लागला असता. तेव्हा बडे वकील आले, आणि बड्या वकिलांची बिलेही.

इथे ब्युना व्हिस्टाचे ठाणे असलेल्या स्टॉर्म लेकमधल्या एका वर्तमानपत्राने साधा प्रश्न विचारला. ‘स्टॉर्म लेक टाइम्स’, तेव्हा आठवड्यातून दोनदा निघणारे, खप सुमारे तीन हजार. जॉन कलन प्रकाशक, धाकटा भाऊ आर्ट कलन संपादक, आर्टचा मुलगा टॉम बातमीदार, आर्टची बायको डोलोरेस हातात कॅमेरा घेऊन गावभर फिरणारी. प्रश्न असा होता, की इतिवृत्तात दर आठवड्याला डिझेलचे बिल दिसते, मग वकिलांचे का दिसत नाही? उत्तर निघाले, की बिले अ‍ॅग्रिबिझनेस असोसिएशन ऑफ आयोवा या व्यापारी संघटनेने उभ्या केलेल्या निधीतून परस्पर भरली जात होती. रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढे गेली होती. त्या निधीत पैसे कोणी घातले, हे सांगायला कोणी तयार नव्हते.

सुपरवायझरांची बाजू अगदीच लटकी नव्हती. वीस हजार लोकांच्या काउंटीने हे पैसे आणायचे कुठून? मालमत्ता कर वाढवला असता तर हीच जनता कोर्टहाउसच्या पायऱ्या चढून भांडायला आली असती. कोणी आपणहून मदत करत असेल तर का नको म्हणायचे? खेड्यातल्या कोणत्याही व्यवहारी माणसाने हेच म्हटले असते. पण व्यवहारी माणूस आणखी एक गोष्ट जाणतो. वकील कोणाचे ऐकतो? बिल भरणाऱ्याचे. तडजोड करायची की लढायचे, नदीची मोजमापे मान्य करायची की नाकारायची, हे निर्णय कागदोपत्री बोर्डाचे होते. पैसे देणारे पडद्यामागे असताना ते खरोखर बोर्डाचे राहिले होते का, एवढेच कलन विचारत होते. काउंटीला फुकटात वकील मिळाला, आणि काउंटीच्या नावावर कोणाला तरी आपला खटला लढता आला. दोन्ही बाजूंनी सोय झाली. हिशेबात नव्हता तो मतदार.

हे विचारायला केवढी छाती लागते, ते लहान गावच्या संपादकालाच ठाऊक. या काउंटीत मका नाही तर डुक्कर, डुक्कर नाही तर टायसनचा मांसाचा कारखाना, यांवरच जवळजवळ प्रत्येकाची चूल पेटते. त्यातच आयोवाच्या कायद्याचा एक पेच आहे. बोर्डाच्या बैठकीचे इतिवृत्त आणि मंजूर बिलांची यादी अधिकृत वर्तमानपत्रांत छापणे काउंटीला बंधनकारक आहे, त्याचे पैसे काउंटीच देते, आणि ती वर्तमानपत्रे दर वर्षी निवडते तेच बोर्ड. सरकारी जाहिराती आणि निविदा सूचनांवर चालणारी आपली जिल्हा साप्ताहिके या नात्याचा ताण चांगला ओळखतात. पण या पेचाचा दुसरा अर्थही घ्यायला हवा. त्याच कायद्यामुळे डिझेलचे बिल वर्षानुवर्षे छापून येत होते, म्हणूनच वकिलांचे बिल नसल्याचे कोणाला तरी दिसले. कंटाळवाणी यादी छापण्याची सक्ती नसती, तर तिच्यातली रिकामी जागा दिसली असती कुठून?

माहितीच्या अधिकारासाठी झगडणारी राज्यातली एक परिषद कलनांच्या बाजूने उभी राहिली. कागद मागितले गेले, वकिली उत्तरे आली, पुन्हा मागितले गेले. २०१६ मध्ये काउंट्यांनी त्या निधीशी संबंध तोडला. संपादकाने त्या वर्षभर अग्रलेख लिहिले. त्यांत पाण्याचे रसायनशास्त्र होते, बीज-खत कंपन्यांची नावानिशी झाडाझडती होती, आणि आपल्याच वाचकांना सुनावलेले चार शब्दही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात हेवा वाटावा असे काही असेल तर ते पत्रकाराचे धाडस नाही. तसे धाडस आपल्या तालुक्यांतही अधूनमधून दिसते. हेवा वाटावा तो टेबलाचा. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. पुढची तीन वर्षे उलटून गेली तरी निवडणूक झाली नव्हती. राज्यघटनेत पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्याआधी निवडणूक, असे स्पष्ट लिहिलेले असताना. या काळात प्रस्ताव ठेवणारा, त्यावर चर्चा करणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच माणूस होता. सर्वसाधारण सभाही तोच, स्थायी समितीही तोच. काही प्रशासकांनी कामे चांगली केली असतील, सदस्यांच्या कटकटीविना अधिक वेगानेही केली असतील. पण ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ म्हणून विरोधी बाकावरचा एखादा सदस्य जो नको तो प्रश्न काढायचा, तो काढायला सभागृहात कोणी उरले नव्हते. ब्युना व्हिस्टाच्या सुपरवायझरांनी प्रश्न टाळले हे खरे. पण ज्यांना विचारावेत अशी निवडून आलेली माणसे दर आठवड्याला समोर बसत होती.

खटल्याचे काय झाले? आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये निचरा मंडळांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून असलेले जुने संरक्षण कायम ठेवले. मार्चमध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की निचरा मंडळांना पाणी वाहून नेण्यापलीकडे फारसे अधिकारच नाहीत. शहराला झालेला त्रास खरा असेल, पण तो दूर करणे यांच्या हातात नाही. काउंट्या जिंकल्या. पुढच्याच महिन्यात, १० एप्रिलला, तीन हजार खपाच्या त्या वर्तमानपत्राच्या संपादकाला अग्रलेखांसाठी पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. न्यायालयात आणि वर्तमानपत्रात प्रश्नच वेगवेगळे होते, त्यामुळे दोघांच्या जिंकण्यात विसंगती नाही.

नदीला मात्र दोन्ही निकालांचे सोयरसुतक नव्हते. जून २०२५ मध्ये नायट्रेट इतके चढले, की डे मोइन परिसरात अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. ते काढण्याचा खर्च आजही शहरातला ग्राहक पाण्याच्या बिलातून भरतो, आणि त्या बिलावर भरणाऱ्याचे नाव आणि पत्ता ठळक छापलेला असतो.