भिशीतून बँकॉक, आणि साठ हजारांचा घोळ

आमच्या कॉलनीतली भिशी सुरू होऊन बारा वर्षं झाली. पूर्वी भिशी लागली की कुकर यायचा, मिक्सर यायचा, फार तर एखादी अंगठी व्हायची. आता मात्र नंबर कुणाचाही लागो, विषय एकच निघतो, ‘यंदा कुठं?’ अष्टविनायक झालं, केरळ झालं, अंदमान झालं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या पंधराजणी थेट बँकॉक-पट्टायाला जाऊन आल्या. माझा गुडघा ऐनवेळी रुसला, म्हणून मी घरीच. गेल्या त्या मात्र हसत परत आल्या, आठवडाभर फोटो दाखवत होत्या. आणि पुढच्याच भिशीला त्यांच्यात दोन तट पडले!

कारण ऐकाल तर वाटेल, एवढंच? झालं असं, की सगळ्यांनी पैसे जमा केले आमच्या एका ताईंकडे. ताई हुशार, हिशेबाला चोख. पण दहा लाखांची रक्कम आपल्या खात्यावर कशी दाखवायची, या धास्तीनं त्यांनी ती मिस्टरांच्या खात्यातून भरली. साहजिकच बिल निघालं ते मिस्टरांच्या नावानं, त्यांचा पॅन नंबर घालून. पुढं कुणाच्या तरी भाच्यानं, तो कर सल्लागाराकडे कामाला आहे, ते बिल बघितलं आणि विचारलं, ‘मावशी, हे साठ हजार तुम्हाला परत मिळणार आहेत ना?’

कुठले साठ हजार? तर परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की कंपनी त्याच्या किमतीवर सरकारसाठी आगाऊ कर घेते. त्याला टीसीएस म्हणतात. ऑक्टोबर २०२० पासून हा नियम आहे. २०२५ साली दर असा होता, की एका माणसाच्या नावावर वर्षाला १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के. आता हिशेब करा. माणशी ७०,००० प्रमाणे पंधराजणींचे झाले साडेदहा लाख. पहिल्या दहा लाखांवर पन्नास हजार, वरच्या पन्नास हजारांवर दहा हजार. एकूण साठ. प्रत्येकीनं आपापलं बिल वेगळं घेतलं असतं तर माणशी ३,५०० म्हणजे एकूण साडेबावन्न हजारांवर भागलं असतं.

पण खरा मुद्दा साडेसात हजारांचा नाहीच. हा कर जीएसटीसारखा गेला तो गेला, असा नसतो. ज्याच्या पॅनवर कापला, त्याच्या नावानं तो सरकारकडे जमा राहतो. त्यानं रिटर्न भरलं की त्याच्या करातून वजा होतो, कर लागत नसेल तर परत मिळतो. म्हणजे पंधराजणींनी मोजलेले साठ हजार एकट्या मिस्टरांच्या नावावर जमा झाले. त्या बिचाऱ्यांना तर हे ठाऊकही नव्हतं! पण ‘आमचे चार-चार हजार कुणाच्या खात्यात गेले?’ हा प्रश्न एकदा निघाला की मैत्रीतली साय फाटायला वेळ लागत नाही.

फसवणूक कुणीच केली नव्हती. आणि ही काही आमच्या कॉलनीपुरती गोष्ट नव्हे. गावोगावच्या भिशी, भजनी मंडळं, निवृत्त शिक्षिकांचे ग्रुप आता परदेशात निघालेत. आपल्याकडे केसरीची ‘माय फेअर लेडी’ आणि नंतर वीणा वर्ल्डची खास बायकांची सहल, यांनी ‘नवऱ्याशिवाय परदेश’ ही कल्पना मध्यमवर्गीय घरांत रुजवली, हे कबूल करायलाच हवं. २०१७ पासून मोठ्या पोस्टांत पासपोर्ट केंद्रं उघडली, त्यामुळे पासपोर्टसाठी पुण्या-मुंबईच्या खेपा कमी झाल्या. डिसेंबर २०१६ च्या नियमांनी लग्नाच्या दाखल्याची सक्तीही गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं आणि पाठोपाठ डिसेंबरात मलेशियानं भारतीयांना व्हिसा माफ केला. दारं भराभर उघडली. बाई बॅग भरून निघालीसुद्धा, पण व्यवहार अजून दुसऱ्याच्याच नावावर.

‘माझं उत्पन्नच नाही, मला कशाला पॅन आणि रिटर्न?’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! २०१९ च्या अर्थसंकल्पानं आणलेला नियम असा आहे, की स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही परदेश प्रवासावर वर्षात दोन लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरावं लागतं. ‘दुसऱ्या कुणाच्याही’ हे शब्द नीट वाचा. ग्रुपचे पैसे आपल्या खात्यातून भरणारी गृहिणी आपसूक यात अडकते. स्वतःच्या सहलीचे सत्तर हजार भरणारी अडकत नाही. तिला फक्त कापलेला कर परत हवा असेल तर रिटर्न भरायचं, तेही दरवर्षी नाही, त्या वर्षापुरतं. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो बंद धरतात आणि कापणी चढ्या दरानं होते. तेव्हा पासपोर्टच्या आधी पॅन बघा.

१ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात एक दिलासा जाहीर झाला. नव्या आर्थिक वर्षापासून हा कर रकमेची अट न ठेवता सरसकट २ टक्के. म्हणजे सत्तर हजारांवर १,४००. ओझं हलकं झालं, ते चांगलंच. पण रक्कम लहान झाली म्हणून ‘जाऊ दे, एकाच नावावर भरू’ असं म्हणायचा मोह वाढणार, असं मला वाटतं. आणि बिल वेगळं असावं याला करापेक्षाही मोठं कारण आहे.

ते म्हणजे ऐनवेळी बेत मोडणं. सासूबाई पडल्या, नातवाचा जन्म आधीच झाला, स्वतःचंच ऑपरेशन निघालं. बाईच्या सहलीत हे होतंच. एकत्र बिल असेल तर कंपनीशी बोलणार एकजण, रद्द करण्याची कापणी ठरणार ढोबळ आणि पैसे परत आले तर येणार त्याच खात्यात. त्यात खोलीचा गुंता वेगळाच! पॅकेजचा भाव दोघींनी एक खोली वापरायची, असा धरलेला असतो. एक गळाली की तिच्या जोडीदारणीला एकटीच्या खोलीचे जादा पैसे पडतात. ते कुणी द्यायचे? आमच्याकडे एकीला असे नऊ हजार पडले. ती आजही त्या मैत्रिणीशी तोंडदेखलंच बोलते. हे आधीच वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायला काय हरकत होती? (कोण घोरतं, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. हसण्यावारी नेऊ नका, पाच रात्रींचा प्रश्न असतो!)

आणि कधी कधी बेत आपण मोडतच नाही, जग मोडतं. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या कितीतरी सहली लोकांनी रद्द केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात नेपाळात तरुणांचं आंदोलन पेटलं. ९ तारखेला काठमांडूचा विमानतळ बंद झाला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला. पशुपतिनाथाला गेलेले महाराष्ट्रातले पर्यटकही तिथं अडकले. अशा वेळी कंपनी काय देणार? जादा रात्रीचं हॉटेल कुणाच्या खर्चानं? ‘काळजी करू नका ताई, आम्ही आहोत ना’ हे उत्तर नव्हे. कुठल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती कापणार आणि सहल कंपनीनं रद्द केली तर काय, हे दोन्ही कागदावर घ्यायचं. भावातला काही भाग डॉलरमध्ये असेल तर तो कुठल्या दिवशीच्या दरानं, हेही. जानेवारी २०२५ मध्ये ८६ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबरात नव्वदीपार गेला. म्हणजे पाचशे डॉलरमागं दोन हजारांचा फरक.

कागद का, तर पुढं काही बिनसलंच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तोच लागतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र तक्रार करताना आयोग पहिलं विचारतो, पैसे कुणी भरले आणि पावती कुणाच्या नावाची?

बाकी किरकोळ. पासपोर्टची मुदत परतल्यानंतरही निदान सहा महिने हवी. व्हिसा माफ म्हणजे कागद माफ नव्हे. थायलंडनं १ मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड भरायला लावलं आहे. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की तिथून निघायचं. व्हिसाचे नियम फिरत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी त्या त्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघायचं.

ताईंच्या मिस्टरांनी अखेर साठ हजार पंधरा पाकिटांत घालून वाटले, आपल्या खिशातून, रिटर्न भरायच्याही आधी. ताई मात्र दोन महिने भिशीला आल्या नाहीत. परवा आल्या. येताना वही घेऊन आल्या, व्हिएतनामची. यंदा तेराजणी आहेत. प्रत्येक नावापुढं तीन रकाने आखलेत. पासपोर्टची मुदत, पॅन नंबर आणि स्वतःच्या खात्याचा नंबर. तिसऱ्या रकान्यात चार जागा अजून रिकाम्या आहेत. त्यातली एक, ज्या काकू गेल्या वर्षी बँकॉकला सगळ्यात पुढं चालत होत्या, त्यांची आहे. सोमवारी ताई त्यांना घेऊन बँकेत जाणार आहेत.