हाताची भरपाई पायाने

पॉवर प्रेसखाली अंगठा गमावलेल्या कामगाराला त्याच्याच पायाचे बोट हातावर बसवून पुन्हा अंगठा देता येतो, हे आता नवल राहिलेले नाही. 1966 साली शांघायच्या हुआशान रुग्णालयात यांग दोंग्यू यांनी पायाचे दुसरे बोट अंगठ्याच्या जागी बसविले. त्याच वर्षी अमेरिकेत हॅरी बंकी यांनी माकडावरील असाच प्रयोग प्रसिद्ध केला, आणि 1968 मध्ये इंग्लंडात जॉन कॉबेट यांनी पायाचा अंगठा माणसाच्या हातावर आणला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या निकोलादोनी यांना याच कामासाठी रुग्णाचा हात कित्येक आठवडे पायाला बांधून ठेवावा लागे. सूक्ष्मदर्शकाने ती शिक्षा संपविली. एक-दोन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या आता केसाहून बारीक धाग्याने जोडल्या जातात. मज्जातंतू मात्र दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढेच वाढतात. नव्या अंगठ्याला ऊन-गार कळू लागण्यास महिने लागतात, आणि तेवढे महिने कंत्राटी मजुराची चूल कशावर पेटावी, याचे उत्तर शल्यविशारदापाशी नसते.

या विद्येचा गौरव करावा तेवढा थोडाच. परंतु तिचा जमाखर्चही मांडला पाहिजे. हाताचा अंगठा यंत्राने घेतला आणि त्याची भरपाई करण्यासाठी धडधाकट पायाचे बोटही कामगारानेच दिले! यंत्राच्या मालकाने यात काय दिले? हाताच्या कामात अंगठ्याचा वाटा सुमारे 40 टक्के असल्याचे शल्यविशारद मानतात. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची कुवत 30 टक्के घटते असे ठरविले होते. सुताराचा अंगठा आणि कारकुनाचा अंगठा त्या कोष्टकात एकाच भावाने मोजला गेला. अंगठा घडविण्यासाठी कापलेले पायाचे बोट कोणाच्या खाती मांडायचे?

मुळात हा अपघात टाळता येतो. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, ही सोय जुनी आहे आणि महागही नाही. उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून त्यांतले एक बटण बांधून ठेवले जाते, सुरक्षा-जाळी काढून कोपऱ्यात टाकली जाते, आणि अपघातानंतर चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे शब्द उमटतात. धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण घालण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाना कायद्याने मालकावर टाकली होती, याचा त्या कागदावर उल्लेखही नसतो.

मद्रासच्या सरकारी स्टॅन्ले रुग्णालयात 1970 च्या दशकात आर. वेंकटस्वामी यांनी हाताच्या उपचारांचा स्वतंत्र विभाग उभा केला. सरकारी रुग्णालयातही हे होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या प्रेसवर राबणाऱ्यांसाठी असा विभाग मागताना कामगार संघटनांनी त्याच निवेदनात प्रत्येक प्रेसची तपासणी मागावी, बांधलेल्या बटणांची मोजदाद मागावी, आणि कंत्राटी कामगाराचे नाव अपघाताच्या दिवशी हजेरीपुस्तकात होते की दुसऱ्या दिवशी चढविले गेले, हेही विचारावे.