पहिल्या धारेची पारख

महाड-पोलादपूरच्या डोंगरात हातभट्टीची पारख अजून काडीनेच होते. बशीत चमचाभर ओतायची, काडी लावायची. निळी ज्योत उठली की ‘पहिल्या धारेची’. यातून कळतं ते इतकंच, की पाणी फार घातलेलं नाही. विषारी मेथॅनॉलही तसंच निळसर पेटतं. दारूचा जोर मोजणारा हायड्रोमीटरही इथे फसतो, कारण इथेनॉलची घनता 0.789 आणि मेथॅनॉलची 0.791.

फरक दाखवते ती गॅस क्रोमॅटोग्राफी. नमुन्याची वाफ बारीक नळीतून जाते आणि एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. पण ते यंत्र प्रयोगशाळेत. इथे धाडीत भट्टी उद्ध्वस्त होते, गूळमिश्रित रसायन जागेवरच ओतलं जातं आणि बाटलीभर नमुना सील होऊन जातो. तो अहवाल खटल्याला उपयोगी. दारू पिऊन बसलेल्याला नाही. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत अशाच विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली.

गुळाच्या रसायनात मेथॅनॉल जवळजवळ तयार होत नाही. ते घातक प्रमाणात सापडलं, तर कुणीतरी कॅनमधून ओतलेलं असतं. महाडला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि मेथॅनॉल हा या धंद्यातला नेहमीचा द्रावक, म्हणून इथे डोळ्यांत तेल घालून राहायला हवं. पोटॅशियम परमँगनेट आणि क्रोमोट्रोपिक आम्लाची जुनी चाचणी आहे: मेथॅनॉल असेल तर जांभळा रंग येतो. तालुक्याच्या रुग्णालयात ती होऊ शकते. मात्र तिला तीव्र गंधकाम्ल लागतं, त्यामुळे ती शिकलेल्या तंत्रज्ञाच्याच हाती हवी.

बाटली आडवी करण्यासाठी गावोगाव झगडणाऱ्या बायका विचारतील, सरकारच दारू तपासणार, तर विकणाऱ्याला ‘पास झालेली आहे’ म्हणायला कोण अडवणार? हा आक्षेप मला खरा वाटतो. मेथॅनॉल नसलेली दारूही यकृत खाते आणि संसार मोडते. तरीही चाचणी टाळावी असं मला वाटत नाही. पकडलेल्या मालाची ती त्याच दिवशी व्हावी, विष सापडलं तर गावात दवंडी द्यावी आणि न सापडलं तर एक शब्दही जाहीर करू नये.

आणि घरच्यांना एक विनंती. दारू प्यायलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागलं, तर उतरेल म्हणून वाट पाहू नका. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. तडक दवाखान्यात न्या आणि तो काय प्यायला ते डॉक्टरांना सांगा. मेथॅनॉलच्या विषावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.