नाव मांडव्याचे, किनारा दीवचा

१/ गेटवे ऑफ इंडियावरून लाँच सुटली की साधारण तासाभरात मांडव्याचा धक्का येतो. अलिबाग तालुक्यातील या लहानशा गावाचे नाव भारतभर पोहोचले ते ‘अग्निपथ’मुळे. मात्र २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये जो मांडवा दिसतो, तो मांडवा नव्हेच. त्या गावाचा देखावा उभारला गेला होता दीवमध्ये.

२/ चित्रीकरण कुठे करावे हा निर्मात्याचा अधिकार आहे. त्यावरून रुसणे पोरकटपणाचे ठरेल. आक्षेप वेगळा आहे. चित्रपटाच्या धंद्याने रायगडच्या किनाऱ्यावरून नावे उचलली आणि इतिहास तिथेच टाकून दिला. त्या रिकाम्या जागी जे काल्पनिक बसवले, तेच आज किनाऱ्याची ओळख होऊन बसले आहे.

३/ मूळ ‘अग्निपथ’ १९९० चा. निर्माते यश जोहर, दिग्दर्शक मुकुल आनंद. अमिताभ बच्चन यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र त्या वेळी चित्रपटाने निराशाच केली. तरीही नायकाचे नाव आणि त्याचे गाव लोकांच्या तोंडी राहिले. बावीस वर्षांनी त्याच निर्मितिसंस्थेने त्याच नावाने नवा चित्रपट काढला. ‘मांडवा’ हा शब्द तोवर भांडवल झाला होता.

४/ या कथेतील गावकरी कसे आहेत, ते पाहावे. अमली पदार्थांच्या धंद्यासाठी गाव ताब्यात घेऊ पाहणारा खलनायक येतो, सज्जन मास्तरांवर खोटा आळ घेतला जातो, आणि गाव त्या आळावर विश्वास ठेवून आपल्याच मास्तरांच्या जिवावर उठते. मास्तर एकटे, जमाव आंधळा. न्याय मिळणार तो केवळ मुलाच्या सूडातून. गावाच्या हाती स्वतःचे असे काहीच नाही.

५/ आता त्याच अलिबाग तालुक्यातील खरी हकीकत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली. नेतृत्व नारायण नागू पाटील यांचे. खोत आणि सावकार यांच्या जाचाविरुद्ध पंचवीस गावांतील कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. भाताची खाचरे ओस पडली. लाकूडफाटा विकून, खाडीतील मासळीवर गुजराण करून घरे तगली. संप १९३९ पर्यंत चालला.

६/ १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. भारतातील सर्वांत दीर्घ शेतकरी संपांत चरीची गणना होते. या लढ्याला एकटा नायक नव्हता. पंचवीस गावे नायक होती.

७/ पडद्यावरचे गाव अफवेने पेटते. इतिहासातील गावे सहा वर्षे उपाशी राहूनही फुटत नाहीत. पडद्यावरच्या गावाचे नाव देशभर झाले. चरीचे नाव किती इतिहासप्रेमी तरुणांना ठाऊक आहे?

८/ “चित्रपट काल्पनिक असतो, त्याला इतिहासाची फूटपट्टी कशाला?” हा नेहमीचा बचाव. तो टिकत नाही. कथा काल्पनिक ठेवायची होती तर गावाचे नावही काल्पनिक ठेवता आले असते. खरे नाव घेतले जाते ते कथेला खरेपणाचा वास यावा म्हणून. ज्या नावाचा नफा घ्यायचा, त्या नावाची जबाबदारी नाकारायची, हा व्यवहार एकतर्फी आहे.

९/ हॉलिवूडनेही या किनाऱ्यावरून नाव उचलले आहे. २००७ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : ॲट वर्ल्ड्स एंड’मध्ये जगभरच्या चाच्यांचे नऊ सरदार एकत्र येतात. त्यांत हिंदी महासागराचा सरदार म्हणून ‘श्री सुंभाजी’ नावाचे पात्र आहे. हे नाव कान्होजी आंग्र्यांचे पुत्र संभाजी आंग्रे यांच्यावरून घेतलेले. पात्र जवळजवळ मुके. त्याच्या वतीने सेवक बोलतात. चित्रपटाने जगभरात सुमारे ९६ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

१०/ आंग्र्यांना ‘चाचे’ प्रथम कोणी म्हटले? ज्यांची जहाजे त्यांनी अडवली त्यांनी, म्हणजे प्रामुख्याने ईस्ट इंडिया कंपनीने. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल होते. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावे, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचे असेच परवाने देत होते, आणि कंपनीही आपले परवाने देत असे. युरोपियनाने मागितला तर परवाना, मराठ्याने मागितला तर चाचेगिरी!

११/ हे ‘चाचे’ किती पाण्यात होते, ते १७२१ च्या अखेरीस दिसले. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कान्होजींच्या कुलाबा किल्ल्यावर जमिनीवरून आणि समुद्रावरून मोहीम केली. इंग्रज राजाच्या आरमाराची जहाजेही तीत होती. मोहीम फसली. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला. इंग्रज हात हलवत मुंबईला परतले. तीन वर्षांपूर्वी, १७१८ मध्ये, खांदेरीवरही इंग्रजांची अशीच फजिती झाली होती.

१२/ हॉलिवूडला दोष देणे सोपे आहे. घरचे काय? गेल्या काही वर्षांतील गाजलेले ऐतिहासिक चित्रपट घ्या. ‘फर्जंद’ पन्हाळ्याचा, ‘फत्तेशिकस्त’ लाल महालाचा, ‘तान्हाजी’ सिंहगडाचा, ‘पावनखिंड’ विशाळगडाच्या वाटेवरचा, ‘शेर शिवराज’ प्रतापगडाचा, ‘पानिपत’ तर थेट उत्तरेतला. घोडा आहे, घाट आहे, तट आहे. आरमार कुठे आहे? शिवरायांनी उभारलेल्या आणि आंग्र्यांनी वाढवलेल्या दलाला या यादीत एकही चित्रपट लाभलेला नाही.

१३/ याचे एक कारण मराठी चित्रधंद्याच्या जन्मस्थानात शोधता येते. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. त्यांचा ‘सिंहगड’ १९२३ चा. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीही कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. प्रभातचा शिवकालीन मूकपट ‘स्वराज्याचे तोरण’ सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ‘उदयकाल’ नावाने आला. स्टुडिओ घाटावर, गड घाटावर, घोडेही घाटावर. ऐतिहासिक चित्रपटाचा साचा तिथे तयार झाला आणि पुढच्या पिढ्यांनी तोच गिरवला.

१४/ दुसरे कारण रोकडे आहे. गलबत बांधायला पैसा लागतो, भरती-ओहोटीचे वेळापत्रक दिग्दर्शकाच्या हाती नसते, आणि पावसाळ्यात किनारा बंद होतो. एकेकाळी हा हिशेब रास्त होता. आज नाही. ‘तान्हाजी’ने संगणकाच्या साहाय्याने अख्खा सह्याद्री पडद्यावर उभा केला. संगणकाला डोंगर जमतो, मग समुद्र का जमू नये? आता अडचण खर्चाची कमी आणि सवयीची जास्त आहे. जे विकले गेले तेच पुन्हा विकायचे, हा धंद्याचा आळस आहे.

१५/ हे अशक्य नव्हते याचा पुरावा १९५७ चा. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला आणि तेथून दख्खनमध्ये शिरला. त्याच्या प्रवासावर ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी ‘परदेसी’ हा चित्रपट केला. नर्गिस त्यात होत्या. पण भांडवल कोणाचे? अब्बास यांच्या ‘नया संसार’ला मॉस्कोच्या सरकारी ‘मॉसफिल्म’ची जोड होती. चौलला उतरलेल्या प्रवाशाची कथा पडद्यावर यायला मॉस्कोची साथ लागली. समोर उभ्या असलेल्या मुंबईला ती एकटीने सुचली नाही.

१६/ म्हणून मागणी दोन बाजूंना आहे. निर्मात्यांनी गावाचे खरे नाव वापरावे, पण त्यासोबत गावाचे काही सत्यही उचलावे. इतिहासप्रेमी तरुणांनीही एक खोड सोडावी. ज्या विषयावर चित्रपट आला तोच मोठा इतिहास आणि ज्यावर आला नाही तो किरकोळ, असे मानले की इतिहासाचे महत्त्व तिकीटबारी ठरवू लागते.

१७/ मांडव्याहून अलिबाग फार लांब नाही. ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. अलिबाग शहरातच कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, आणि त्याच तालुक्यात चरी आहे. ‘अग्निपथ’चे गाव पाहायला धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाने या तीन ठिकाणी जावे. पडद्यावरचा मांडवा दीवमध्येच राहिला. या तीन जागा अजून रायगडातच आहेत.